दुसरी वायर

त्यांचं खरं आडनाव ऑफिसात आता कुणालाच आठवत नाही. हजेरीपटावर असेल कुठेतरी. सगळे त्यांना तबकडे म्हणतात, आणि नवी लागलेली माणसं पहिले सहा महिने तेच आडनाव समजून चालतात. एकीनं तर लग्नाच्या पत्रिकेवर ‘श्री. तबकडे, सहकुटुंब’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. तबकड्यांनी ती पत्रिका बायकोला दाखवली नाही. बायकोला या नावाचा पत्ता होताच, पण आपल्याला आहे हे तिनंही दाखवलं नाही. पंचवीस वर्षांचा संसार असा झाकपाक करूनच टिकतो.

नाव पडलं ते कामावरून. इमारतींचे नकाशे काढणारं ऑफिस, दोन मजले, एकतीस माणसं. या एकतीस जणांचे सगळे नकाशे एकाच यंत्रात राहायचे. त्या यंत्राला फाइल सर्व्हर म्हणतात, आणि ते खालच्या मजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत होतं. खोली एवढीशी, की दोघं आत गेले तर एकानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्यानं सोडायचा. तिची किल्ली एकच, आणि ती बावीस वर्षं तबकड्यांच्या पँटीच्या उजव्या खिशात.

सर्व्हरमध्ये पाच हार्ड डिस्क होत्या. तबकडे त्यांना तबकड्या म्हणायचे. दुसऱ्या कुणी त्यांच्यावर एक ते पाच आकडे टाकले असते. तबकड्यांनी आत घराणंच बसवलं होतं. प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर निळ्या शाईत नाव: आत्या, काका, मेहुणा, सासरे, साडू. रचना अशी की पाचातली एक बंद पडली तर उरलेल्या चार तिचा भार वाटून घेतात आणि कुणाचा एक नकाशा जात नाही. “असं सख्ख्या नात्यात बघितलंय कुणी?” असं ते विचारायचे. दोन वर्षांपूर्वी ‘सासरे’ बंद पडले, तेव्हा त्यांना काढून कपाटात ठेवलं आणि नवे सासरे बसवले. खऱ्या सासऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते घरी ठणठणीत होते.

‘साडू’ नावाची तबकडी मात्र पहिल्या दिवसापासून करकरायची. काम चोख, पण आवाज फार. म्हणून ते नाव.

आता खऱ्या साडूबद्दल सांगायला हवं, कारण सगळी पोटदुखी तिथलीच.

तबकड्यांची मेहुणी लग्न करून ज्या घरी गेली, तिथला तो मुलगा. वयानं तबकड्यांहून नऊ वर्षांनी लहान, डोक्यावर केस भरगच्च, आणि बोलायला लागला की समोरचा हातातलं काम विसरायचा. त्याचंही काम संगणकांचंच. एका कंपनीतर्फे तो ऑफिसं फिरायचा आणि सर्व्हर बसवून द्यायचा. सासऱ्यांच्या घरी कुणी पाहुणा आला, की सासरे धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, “हे आमचे जावई.” मग तबकड्यांकडे हनुवटी करून, “आणि हे थोरल्या मुलीचे मिस्टर.” एवढंच. पण हे ‘एवढंच’ तबकडे पंधरा वर्षं चघळत होते. सासऱ्यांचा फोन बिघडला की धाकट्याला बोलावणं जायचं. एकदा तबकडे तिथंच खुर्चीत बसलेले असताना सासऱ्यांनी तोच बिघडलेला फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “जरा धरा हो, तो येतोय.”

तर एका सोमवारी मॅडमनी, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाईंनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं की सर्व्हर म्हातारा झालाय, नवा येतोय. तबकड्यांनी मान डोलावली. त्यांनीच तीन वर्षं मागणी लावली होती.

“बसवायला कंपनीचा माणूस येईल,” मॅडम म्हणाल्या. “आणि पुढची देखभाल कोणी बघायची ते शनिवारी ठरवू. कंपनी बाहेरून बघायला तयार आहे. तसं झालं तर खोलीची किल्ली त्यांच्याकडे द्यावी लागेल.”

तबकड्यांचा हात आपोआप उजव्या खिशावर गेला.

बुधवारी कंपनीचा माणूस आला. काळी बॅग, भरगच्च केस, आणि दारातूनच, “अरे दादा, हे तुमचं ऑफिस?”

तबकड्यांना वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. जमीन मजबूत निघाली. नकाशेवाल्यांचीच इमारत ती.

दुपारपर्यंत साडूनं सगळं ऑफिस खिशात घातलं. पहारेकऱ्याचा गुडघा कोणता दुखतो ते त्याला कळलं. मॅडमच्या मुलीनं कुठल्या कॉलेजात जावं यावर त्यानं सल्ला दिला आणि मॅडमनी तो वहीत लिहून घेतला. बावीस वर्षांत मॅडमनी तबकड्यांचं म्हणून एकच वाक्य लिहून घेतलं होतं: ‘प्रिंटर बंद करून चालू करा.’

खोलीत मात्र दोघंच. म्हणजे एक आत आणि एक उंबऱ्यावर. साडूनं जुन्या यंत्राचं झाकण उघडलं आणि वाकून चिठ्ठ्या वाचल्या.

“दादा, हे ‘साडू’ काय आहे?”

“मॉडेल आहे,” तबकडे म्हणाले.

“कधी ऐकलं नाही.”

“जुनं आहे. आवाज फार करतं.”

साडूनं कान लावून ऐकलं. “करतंय खरं. पण तब्येत सगळ्यांत चांगली याचीच दिसतेय.”

तबकड्यांनी त्याच्या हातातून झाकण घेतलं.

मग साडूनं त्यांची वही मागितली. तबकड्यांची वही म्हणजे जाड पुठ्ठ्याची, कोणती तबकडी कधी बसवली, कोणती वायर कुठून कुठे जाते, सगळं तारीखवार. साडूनं ती अख्खी वाचली. मधे एकदा म्हणाला, “वा, दादा, असं कोणी लिहीत नाही आता.” तबकड्यांना हे कौतुक म्हातारीच्या दातांचं कौतुक करावं तसं वाटलं. अजून आहेत बरं का.

भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. मतभेद तेवढा झाला, आणि तो पत्त्यावरून. ऑफिसातल्या संगणकांच्या जाळ्यावर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, घराला नंबर असतो तसा. सर्व्हरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा दहा. एकतीस संगणकांना हे पाठ: नकाशा हवा तर दहा नंबरचं दार ठोठावायचं. तबकड्यांचं म्हणणं, नव्याला वीस नंबर द्यावा, मग आपण रोज पाच-सहा टेबलं करत आठवडाभरात सगळ्यांना नवा पत्ता शिकवू. साडू म्हणाला, “कशाला? जुना बंद करू आणि नव्यालाच दहा देऊ. कुणाच्या टेबलाला हात लावायला नको. फक्त दोघं एकाच वेळी चालू राहता कामा नयेत. एका पत्त्यावर दोन घरं झाली तर पोस्टमन वेडा होईल.”

मॅडमना पोस्टमन आवडला. तबकड्यांचा आठवडा बारगळला.

शुक्रवारी दिवसभर जुन्यातलं सगळं नव्यात उतरलं. शनिवारी दहाला मॅडमच्या देखत जुना सर्व्हर बंद केला. पाच तबकड्या एकेक करून शांत झाल्या, ‘साडू’ शेवटी. नव्याला दहा नंबर मिळाला. साडेदहाला वरून आवाज आले, “अरे, पटकन उघडतंय.” जिनेबाई म्हणाल्या, “पूर्वी नकाशा उघडेपर्यंत माझा चहा व्हायचा. आता चहा प्यायचा कधी?”

जिनेबाई म्हणजे अठरा वर्षं फक्त जिने काढणाऱ्या बाई. पायरीची उंची त्यांना चालता चालता कळते. ‘सासरे’ बंद पडले त्या दिवशी सगळं ऑफिस घाबरलं होतं, तेव्हा याच बाई खुर्चीतून न उठता म्हणाल्या होत्या, “ते बघतील. त्यांचं घराणं आहे.” तबकड्यांना ते एक वाक्य दोन वर्षं पुरलं होतं. आणि आज त्याच बाई नव्यावर खूश.

साडूला मॅडमनी चहाला वर नेलं. कपबशीत. तबकड्यांना आजवर पेल्यात मिळाला होता.

तबकडे जिन्याखालच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मनात कुठलंही पाप नव्हतं असं नाही, पण होतं ते लहान होतं. त्यांना एवढंच बघायचं होतं, की धाकटा काही उतरवायचं विसरलाय का. एखादं फोल्डर, एखादी जुनी फाइल. मग ती मॅडमपुढे ठेवायची, काही न बोलता. त्यासाठी जुनं यंत्र चालू करायला हवं होतं. एका पत्त्यावर दोन घरं नकोत, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून आधी त्याची निळी वायर काढली, मग बटण दाबलं. आत्या, काका, मेहुणा, नवे सासरे, साडू, सगळे जागे झाले.

त्यांनी दोन्हीकडची फोल्डर मोजली. इकडे चार हजार एकशे बारा. तिकडे चार हजार एकशे बारा. परत मोजली. तेवढीच. माणसाला एवढंही विसरता येऊ नये म्हणजे काय? तबकड्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवढ्यात वरून प्रिंटरसाठी हाक आली. ते तसेच उठून गेले. जुनं यंत्र चालूच राहिलं. वायर काढलेली आहे, कुणाचं काय बिघडतंय.

पण त्या यंत्राला दोन वायरी होत्या.

सहा वर्षांपूर्वी झाडूवालीचा झाडू अडकून निळी वायर निघाली होती आणि अर्धा दिवस ऑफिस ठप्प झालं होतं. तेव्हा तबकड्यांनी स्वतःच्या डोक्यानं दुसरी करडी वायर मागच्या बाजूनं घेतली, कपाटाच्या पायाला गच्च गाठीनं बांधली, आणि यंत्राला शिकवलं, की दोन्ही वायरी एकच समजायच्या. एक गेली तर दुसरीनं न सांगता काम चालवायचं. सहा वर्षं ते ज्याला त्याला हे सांगत होते. पण सहा वर्षांत निळी पुन्हा कधी निघालीच नाही. त्यामुळे करडीला आपलं इमान दाखवायची पहिली संधी मिळाली ती आज.

साडेअकराला गंमत सुरू झाली. एकाचा नकाशा उघडे, त्यात सकाळची दुरुस्ती नसे. शेजारच्याच्या पडद्यावर तीच दुरुस्ती दिसे. पाच मिनिटांनी उलटं. कुणी जतन केलं ते कुठं गेलं ते कळेना. सकाळी टाळ्या वाजवणारे बारा वाजता म्हणू लागले, “नवं लफडं आहे हे.” साडू या टेबलावरून त्या टेबलावर. त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं, हे तबकड्यांनी बारकाईनं टिपलं.

ते खाली आले. जुन्या यंत्राच्या मागे, अंधारात, एक हिरवा दिवा लुकलुकत होता. करडी वायर. एक गाठ सोडायची, एक वायर ओढायची, वर जाऊन दोन वाक्यं बोलायची, की सगळं थांबलं असतं.

वरून मॅडमचा आवाज आला, “तुम्ही तर म्हणाला होतात काहीच होणार नाही.” आणि त्यावर साडूचं, “बघतो, मॅडम.” नुसतं ‘बघतो’. ना पोस्टमन, ना घर.

तबकड्यांनी वायरीकडे पुढे केलेला हात मागे घेतला. दहा मिनिटं, त्यांनी ठरवलं. फक्त दहा मिनिटं घाम येऊ दे त्याला.

दहा मिनिटांचे दोन तास झाले. दुपारचा डबा त्यांनी त्या दिवशी अगदी चवीनं खाल्ला. बायकोनं भाजीत मीठ कमी घातलं होतं, तेही त्यांना कळलं नाही. कुणी विचारलं, “तबकडे, काय झालंय हो?” तर म्हणाले, “आमच्या वेळी असं नव्हतं बुवा.” हे वाक्य त्यांनी चार जणांना पुरवलं.

मग दोन वाजता जिनेबाई म्हणाल्या, “माझा जिना गेला.”

शाळेच्या इमारतीचा जिना होता. चार वाजता ठेकेदाराची माणसं नकाशा न्यायला येणार होती. आज न्यायचाच होता, सोमवारी सकाळी त्यांचं काम सुरू होणार होतं.

“सकाळी अठ्ठावीस पायऱ्या होत्या,” बाई म्हणाल्या. “आता बावीस दिसताहेत. उरलेल्या सहा मुलांनी उडी मारून जायच्या का?”

साडू त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. बाईंनी चष्मा पुसला, एक कोरा कागद ओढला, आणि आरडाओरडा न करता पहिल्या पायरीपासून मापं मांडायला बसल्या. तबकड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ‘ते बघतील’ म्हणाल्या नाहीत.

ते काही तबकड्यांना सोसेना.

ते खाली उतरले, जवळजवळ पळतच. जुन्या यंत्रात अठ्ठावीस पायऱ्यांचा जिना जसाच्या तसा होता. साडेअकरापासून इकडे येऊन पडलेल्या फाइली त्यांनी शोधल्या. सतरा निघाल्या. त्या पेन ड्राइव्हवर घेताना ‘साडू’ एवढा करकरत होता, की मागे कुणी उभं राहिलं असतं तरी कळलं नसतं. मग त्यांनी करडीची गाठ सोडली. स्वतःच मारलेली गाठ, सुटता सुटेना, नख तुटलं. वायर ओढली, यंत्र बंद केलं.

आता दोन वाक्यं बोलायची वेळ होती. जिना चढताना त्यांनी ती जुळवली होती: माझ्याकडून जुनं यंत्र चालू राहिलं. त्याची काही चूक नाही. वर पोहोचेपर्यंत पहिल्या वाक्याला धाप लागली आणि दुसरं पायरीवरच राहिलं.

“सापडला,” ते म्हणाले.

“कुठे होता?” बाईंनी विचारलं.

“होता एके ठिकाणी.”

पडद्यावर अठ्ठावीस पायऱ्या आल्या. बाईंनी हातातला कागद चुरगळला आणि म्हणाल्या, “मला वाटलं होतंच, तुम्ही बघाल.” बाकीचे सोळा नकाशे ज्याचे त्याला मिळाले. ते नव्यातल्याशी ताडून घ्यायला तीन वाजले, आणि ते ताडण्याचं काम साडूनं मान खाली घालून केलं. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “शेवटी जुनं माणूस ते जुनं माणूस.”

साडू म्हणाला, “दादा होते म्हणून निभावलं.”

तबकड्यांची कॉलर त्या क्षणी दोन बोटं वर गेली असेल. पाच वाजेपर्यंत ती तशीच राहिली.

पाचला मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर साडूनं लिहून दिलेला कागद होता. त्यांनी वाचून दाखवला: “एकाच पत्त्यावर जुने व नवे अशी दोन्ही यंत्रे चालू राहिल्याने गोंधळ झाला. जुन्या यंत्राला मागून दुसरी करडी वायर आहे, हे वहीत स्पष्ट लिहिलेले असून मी वाचलेले होते. यंत्र बंद करतानाच दोन्ही वायरी काढणे माझे काम होते. ते मी केले नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी ती वायर निघाल्यावर त्रास थांबला.”

“म्हणजे चूक कंपनीची,” मॅडम म्हणाल्या. “देखभाल आपल्याकडेच राहू दे. किल्ली आहे तिथंच.”

तबकडे ‘बरं’ म्हणाले. त्यांच्या डोक्यात फक्त दोन वाजून वीस मिनिटं घुमत होती. ती वेळ त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. वायरीबद्दलही चकार शब्द काढला नव्हता.

बाहेर फाटकाशी साडू बॅग खांद्याला लावत होता.

“तू खाली आला होतास?”

“आलो होतो,” साडू म्हणाला. “नव्या यंत्रानं नोंद ठेवली होती, माझ्या पत्त्यावर आणखी कुणीतरी राहतंय म्हणून. बघायला मला उशीरच झाला. वायर काढायला आलो, तर तुम्ही आत होतात. फाइली घेत होतात.”

“मग?”

“मग वर गेलो. खोली लहान आहे, दादा. दोघं मावत नाहीत.”

तबकड्यांनी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. उपकार शोधला. काहीतरी असायला हवं होतं. “यंत्र चालू कोणी केलं ते नाही लिहिलंस.”

“ते कुणी विचारलं नाही,” साडू म्हणाला. “आणि वायर मी काढायलाच हवी होती, ते खरंच आहे.” मग बॅगेचा पट्टा ओढत, “ते मॉडेल मात्र कुठं मिळालं तर सांगा. साडू.”

आणि गेला.

घरी पोचले, तर बायकोला सगळं आधीच कळलेलं. “बहिणीचा फोन आला होता,” ती म्हणाली. “तुम्ही कुणाचा जिना शोधून दिलात म्हणे. तो घरी जाऊन नुसतं तुमचंच सांगत होता. बाबांनापण फोन करून सांगितलं त्यानं.”

“मग बाबा काय म्हणाले?”

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “म्हणाले, बघ, दुसऱ्याचं कौतुक करायला किती मोठं मन लागतं.”

तबकडे खुर्चीत बसले. किल्ली खिशात होती. मांडीला टोचत होती. माणूस केसांनी पुढे असावा, चहाच्या कपानं पुढे असावा, इथवर ठीक. पण गप्प बसण्यातसुद्धा पुढे? ज्याचं तोंड आजवर कधी मिटलं नाही, त्यानं नेमकं तेच मिटून ठेवावं, आणि आपल्याला परतफेडीला एक वाक्यही ठेवू नये? आता हे पंधरा वर्षांच्या वर आणखी किती वर्षं चघळायचं?

“मीठ कमी होतं आज भाजीत,” ते म्हणाले.

“ते तुम्हाला आत्ता कळलं?”

सोमवारी ते इतरांच्या आधी ऑफिसात आले आणि त्यांनी खोली उघडली. नवं यंत्र सौम्य गुणगुणत होतं. त्यातल्या तबकड्यांवर साडूनं नुसते आकडे टाकले होते, एक, दोन, तीन, चार. तबकड्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या आणि निळी शाई बरोबर आणली होती. ती बाजूला ठेवून ते आधी यंत्राच्या मागे वाकले, सवयीनं.

मागे दोन वायरी होत्या.

एक ठरल्याप्रमाणे. दुसरी करडी. शनिवारी निघण्याआधी कधीतरी घातलेली, कपाटाच्या पायावरून नेलेली, त्यांच्यासारख्याच गाठीनं बांधलेली. नाही, त्यांच्यासारख्या नव्हे. त्यांची गाठ सोडताना नख तुटलं होतं. ही घट्ट होती, पण एक टोक ओढलं की सुटेल अशी होती. वहीतही नोंद होती, तारीख घालून: ‘दुसरी वायर, दादांच्या पद्धतीने.’

तबकडे बराच वेळ उकिडवे बसून त्या गाठीत खोट शोधत राहिले. वायरीला पीळ पडलाय का? नव्हता. झाडूला अडकेल का? नाही अडकणार. वर जिन्यावर पावलं वाजू लागली. जिनेबाई आल्या असाव्यात, त्या पायऱ्या मोजल्यासारख्या चढतात.

त्यांनी टोक ओढलं. गाठ सुटली. मग आपल्या हातांनी, तुटक्या नखानं, त्यांनी ती पुन्हा बांधली. अगदी तशीच, एक टोक ओढलं की सुटेल अशी.